अर्धे मिस्त्री

ग्वोझ्देनला शाळेत कुणी ग्वोझ्देन म्हणत नसे. मुख्याध्यापकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला अर्धे मिस्त्री म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. वर्कशॉपमध्ये पोरं लेथवर वाकलेली असली की हा हात मागे बांधून मागून येई आणि कानाशी ओरडे, "अर्धं!"

कारण साधं होतं. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, गोल फिरतो, हत्यार त्याला एकाच बाजूनं लागतं. हत्यार एक मिलिमीटर आत गेलं की जाडी दोन मिलिमीटरनं उतरते. म्हणून जाडी जेवढी उतरवायची, त्याच्या अर्धंच हत्याराचं चाक फिरवायचं. विसरलात की जॉब भंगारात. ग्वोझ्देनला हे त्याच्या उस्तादानं मानेवर चापट मारून शिकवलं होतं. चापटीचे दिवस गेले, म्हणून हा ओरडायचा. पोरं म्हणत, लग्नात पाद्रीबाबांनी 'ही बायको तुला मान्य आहे का' विचारलं तेव्हासुद्धा मिस्त्री 'अर्धं' असंच म्हणाले असणार.

पश्चिम मोरावा नदीच्या काठचं ते गाव. स्क्रूचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथले जुने लेथ शाळेनं उचलून आणले आणि त्यांच्याबरोबर ग्वोझ्देनही आला. लेथ जुने होते पण धडधाकट, आणि ग्वोझ्देनही तसाच. त्याची नजर पक्की होती. शाफ्ट हातात घेऊन तो जाडी सांगे आणि मापाचा व्हर्नियर लावायचा तो फक्त समोरच्याचं तोंड बंद करायला. नजरेनं माप घ्यायचं हीच त्याची विद्या होती, आणि तिचा त्याला गर्वही होता. गणिताचा विषय निघाला की तो पोरांसमोर म्हणे, "ज्याच्या हाताला काम जमत नाही, त्याला देवानं गणित दिलं."

हे वाक्य पोरांनी फार मन लावून ऐकलं. मिस्त्रींचं बाकी काहीच त्यांनी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

वसंतात नवं मशीन आलं. गावाबाहेरच्या वळणरस्त्यावर परदेशी लोकांनी गाड्यांच्या दातेरी चाकांचा कारखाना काढला होता, त्यांनीच ते शाळेला दिलं. आकडे टाकायचे, हिरवं बटण दाबायचं, काचेच्या दाराआड हत्यार आपोआप चालतं. या मशीनवर नीट तयार झालेली पोरं आम्ही कामाला घेऊ, असं कारखान्यानं कबूल केलं होतं. गावातली तरुण पोरं एकेक करून व्हिएन्नाच्या बसमध्ये चढत होती, त्यामुळे या कबुलीला वजन होतं.

मशीन सुरू करायच्या दिवशी आईबाप आले, कारखान्याचा माणूस आला, कुणीतरी अक्रोडाचा केकही आणला. ग्वोझ्देननं धुतलेला निळा कोट घातला होता. साठ जाडीचा दांडा छप्पन्नवर आणायचा होता. जुन्या लेथला जेवढं आत जायचं ते सांगावं लागतं. नव्या मशीनला शेवटी जाडी किती हवी ते सांगायचं असतं, आणि तेही पुरतं. हे ग्वोझ्देनला सांगितलेलं होतं, त्यानं मानही हलवली होती. पण बोटं आकड्यांवर गेली तेव्हा तीस वर्षांची सवय पुढे झाली. त्यानं छप्पन्नचं अर्धं केलं, अठ्ठावीस टाकले आणि बटण दाबलं.

हत्यार सरळ दांड्यात घुसलं. किंचाळी फुटावी तसा आवाज आला, पातं तुटलं, तुकडा काचेवर आदळला. काचेला चांदणीसारखा तडा गेला. लागलं कुणालाच नाही. पण सगळं गप्प झालं, आणि त्या शांततेत मागून एक पोरगं हळूच म्हणालं, "अर्धं."

हसू फुटलं. ग्वोझ्देननं मागे वळून पाहिलं नाही. त्यानं मशीनचं दार उघडलं आणि तुटक्या पात्याचे तुकडे एकेक करून हातावर गोळा केले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक रातोमीरनं त्याला बोलावलं. टेबलावर दोन काळ्या कॉफ्या होत्या, म्हणजे बातमी वाईट होती. "बस, ग्वोझ्देन. कारखान्याचं म्हणणं असं, की जो शिकवणार त्यानं शहरातल्या केंद्रात परीक्षा द्यायची. ऑगस्टअखेर. ड्रॉइंगवरून हिशोब करून आकडे काढायचे, मग जॉब कापून दाखवायचा."

"हिशोब कसला?"

"साइन, टॅन्जंट, तेच सगळं."

"आणि नाही जमलं तर?"

"मग सप्टेंबरात टर्नरचा, लेथवाल्यांचा वर्ग उघडत नाही. आता जी पोरं दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांना दुसऱ्या वर्गांत वाटून देऊ. वेटरचा वर्ग आहे, स्वयंपाक्यांचा आहे. तुला मी वाऱ्यावर सोडणार नाही. पेन्शनीपर्यंत बॉयलरच्या खोलीत घेतो." मग त्याला बरं वाटावं म्हणून रातोमीर पुढे म्हणाला, "बॉयलरला टॅन्जंट लागत नाही."

ग्वोझ्देन कॉफी न पिताच उठला.

वर्कशॉपच्या दारात ओग्न्येन्का उभी होती. दुसऱ्या वर्षाची, टर्नरच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. तिची आई त्याच नव्या कारखान्यात खोकी भरायची. खोकी भरायची नाहीत, आत जे भरतात ते बनवायचं, एवढं या मुलीचं ठरलेलं होतं. बातमी तिच्यापर्यंत मिस्त्रींच्या आधी पोचली होती.

"मिस्त्री, मग आम्ही काय, ट्रे धरायचे?"

"कामाला लाग," ग्वोझ्देन म्हणाला. पण त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी तो आलुबुखाराच्या जॅमची बरणी घेऊन विदोसावाकडे गेला. विदोसावा शाळेत गणित शिकवायची. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती त्याची कुमा होती. त्याच्या लग्नात साक्षीला तीच उभी राहिली होती, त्याच्या मुलीचं नावही तिनंच ठेवलं होतं. हे नातं रक्ताच्या नात्याहून जड. घरच्या संताच्या सणाला ती दरवर्षी त्याच्या टेबलाशी पहिल्या खुर्चीवर बसायची. इतक्या वर्षांत दोघांमध्ये गणिताचा शब्द कधी निघाला नव्हता.

"कुमा, मला जरा ते टॅन्जंटचं सांग."

"काय सांगू?"

"थोडक्यात. कामापुरतं."

"थोडक्यात शिकलेल्यांचेच पेपर मी आयुष्यभर तपासतेय," विदोसावा म्हणाली. तिनं जॅमची बरणी उजेडात धरून पाहिली. "बुधवारी दुसऱ्या वर्षाचा तास आहे. येऊन बस."

"वर्गात? पोरांमध्ये?"

"मग काय देवळात?"

"कुमा, माझी पोरं आहेत ती. उद्या माझं ऐकतील का?"

"माझं आजच ऐकत नाहीत. कारण तू त्यांना सांगितलंयस, की गणित हे बिनहाताच्यांचं काम."

ग्वोझ्देन खिडकीकडे बघायला लागला. "कोण म्हणालं तुला?"

"पोरंच म्हणतात. दरवर्षी. भर वर्गात. हा घोळ तू घातला आहेस, निस्तरायलाही तूच ये."

"मग मी जॅम परत नेतो."

"जॅम ठेव. त्याचा काय दोष?"

बुधवारी तो गेला. शेवटच्या बाकावर ओग्न्येन्काच्या शेजारी जागा होती. बाकाखाली त्याचे गुडघे मावेनात, म्हणून तो तिरका बसला. हाताला तेलाचा वास होता, खिशात कागदात गुंडाळलेला नाश्त्याचा, चीज भरलेला बुरेक होता.

"मिस्त्री, कॉपी करू देणार ना?" पुढून कुणीतरी विचारलं.

"ज्याला नापास व्हायचं असेल त्यानं करावी," ग्वोझ्देन म्हणाला. तो उठला आणि खिडकी बंद करायला निघाला. "वाऱ्याचा झोत येतोय. मान धरेल."

"खाली बसा," विदोसावा म्हणाली. वर्गात ती त्याला अहोजाहो करायची. "या वर्गात खिडकी मी बंद करते."

मग तिनं ती बंद केली, कारण झोताची भीती तिलाही होती.

पहिली चाचणी पंधरवड्यात झाली. विदोसावानं पेपर वाटले तसा त्यालाही दिला. एक मार्क. पाच सर्वांत वरचा, एक म्हणजे नापास. ओग्न्येन्काला दोन होते, काठावर पास.

"मिस्त्री, माझं बघायचं होतं ना," ती कुजबुजली.

"तुझंच बघितलं होतं. तेच चुकलं."

घरी त्याची बायको स्तामेना मिरच्यांची रोपं लावत होती. "काय झालं? तोंड का असं?"

"एक."

"एक काय?"

"मार्क."

स्तामेना इतकी हसली की तिला वाफ्याच्या कडेला बसावं लागलं. मग तिनं हात झटकले. "लेकीला एक मिळाला होता, तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठवतं?"

"नाही."

"म्हणाला होतास, रडू नकोस, बस आणि कर."

तो बसला आणि करायला लागला.

हाताला काम कसं शिकवायचं हे त्याला ठाऊक होतं. तीच गोष्ट परत, मग परत, चुकलं तर का चुकलं ते बघून परत. डोक्यालाही त्याच रस्त्यानं न्यायचं त्यानं ठरवलं. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत तो वर्कशॉपमध्ये येई, लेथच्या पाटावर कागद पसरे आणि गणितं सोडवे. त्रिकोण काढायला तो पट्टी वापरत नसे, रेघ तशीच सरळ येई. पण उत्तर येत नसे. कोन बरोबर, टॅन्जंट बरोबर, गुणाकार बरोबर, आणि शेवटी येणारा आकडा चूक. विदोसावा लाल पेनानं खोडे, तो नव्यानं करे. दुसऱ्या चाचणीतही एक आला.

या वेळी विदोसावानं त्याला तासानंतर थांबवलं. बाकं रिकामी झाल्यावर ती पुन्हा कुमा झाली.

"हे इथं तू अर्धं का केलंस?"

"करतातच ना."

"कोण करतं?"

"सगळेच."

तिनं त्याच्या पेपरावर ओग्न्येन्काचा पेपर ठेवला, त्यावर आणखी दोघांचे. सगळीकडे तोच रोग. जिथं गरज नाही तिथं अर्धं केलेलं. "वेटरच्या वर्गातली पोरं असं करत नाहीत," ती म्हणाली. "स्वयंपाक्यांची करत नाहीत. त्यांची पोरं शंभर चुका करतात, पण ही चूक फक्त तुझी पोरं करतात. मी समजायचे, टर्नरचा वर्गच मठ्ठ येतो."

"माझी पोरं मठ्ठ नाहीत."

"मग हे येतं कुठून?"

ग्वोझ्देनला ते माहीत नव्हतं. ते त्याच्या इतकं जवळ होतं की त्याला दिसत नव्हतं.

विदोसावा दुसऱ्या दिवशी खाली वर्कशॉपमध्ये आली. इतकी वर्षं ती एका छपराखाली शिकवत होती, पण त्या दाराच्या आत फक्त सणाचा केक वाटायला आलेली. तिनं चामड्याचा एप्रन बांधला, चष्मा घट्ट केला. "मला एक जॉब द्या. काय करायचं ते सांगा."

"चाळीसचा छत्तीस करायचा, बाई," पोरं म्हणाली.

तिनं तोंडानं हिशोब केला, चार कमी. मग तिनं चाकाला हात घातला आणि चार मिलिमीटर फिरवायला सुरुवात केली. ती दोनच्या पुढे गेली मात्र, सगळं वर्कशॉप एका आवाजात ओरडलं, "अर्धं, बाई!"

तिचा हात थांबला. लेथ फिरत होता, पोरं हसत होती, आणि विदोसावा ग्वोझ्देनकडे बघत होती. तिनं मशीन बंद करायला सांगितलं आणि एका खोक्यावर बसली.

"इथून येतं तर," ती म्हणाली. "मी वर खोडतेय आणि हे खालून येतंय."

"पण ते बरोबर आहे," ग्वोझ्देन म्हणाला. "इथं अर्धंच लागतं."

"मिस्त्री, कशाचं अर्धं?"

"कशाचं म्हणजे? अर्धं म्हणजे अर्धं."

"नाही. जाडीत जेवढा फरक हवा, त्या फरकाचं अर्धं. वाक्य एवढं मोठं आहे. तुम्ही वाक्यसुद्धा अर्धंच देता. पोरांनी जेवढं दिलं तेवढं पाठ केलं, आणि जिथं आकडा दिसेल तिथं तलवार चालवतात."

कुणी हसलं नाही. ग्वोझ्देननं खिशातून चिंधी काढून हात पुसले, स्वच्छच होते ते. मशीनच्या दारावरची तड्याची चांदणी तिथून दिसत होती.

"आणि तुझा त्रिकोण?" थोड्या वेळानं तो म्हणाला. पोरांसमोर त्याच्या तोंडून 'तुझा' निघून गेलं. "वर फळ्यावर काढतेस तो. क, ख, ग. तो कशाचा असतो?"

"कशाचा म्हणजे? त्रिकोण असतो."

"म्हणजे तोही कशाचाच नसतो."

विदोसावानं समोरच्या जॉबवरून बोट फिरवलं. मग एप्रन न सोडताच उठली आणि म्हणाली, "खडू आहे का इथं?"

त्या दिवसापासून दुसऱ्या वर्षाचं गणित वर्कशॉपमध्ये व्हायला लागलं. रातोमीरनं विचारलं, हे नियमात बसतं का. विदोसावा म्हणाली, नियमात टर्नरचा वर्ग बंद करणं बसतं, मग हेही बसवा. निमुळत्या जॉबच्या अंगावर ती खडूनं त्रिकोण काढायची. हा उतार, ही लांबी, ही एका बाजूनं उतरलेली जाडी. पोरं बोट फिरवून बघायची. त्रिकोणाला आता थंडगार लोखंडी अंग होतं, त्याची धार हाताला लागत होती.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं रोज वाजायचं. पोरांनी आधी हिशोब करावा, असं विदोसावाचं म्हणणं. ग्वोझ्देन म्हणे, आधी बघावं.

"नजर चुकते," ती म्हणायची.

"हिशोब चुकत नाही? माझे पेपर काय दाखवतात?"

शेवटी भांडणातूनच रीत ठरली. आधी ड्रॉइंग बघायचं आणि नजरेनं आकडा सांगायचा, खडूनं मशीनवर लिहायचा. मग हिशोब करायचा. दोन आकडे जवळ आले तर बटण. नाही आले तर हात मागे, आणि चूक सापडेपर्यंत मागेच. पोरं नजरेच्या आकड्यावर बुरेकची पैज लावायची. गणितात नापास होणारा पोरगाही पैजेपायी टॅन्जंट दोनदा तपासायचा. विदोसावानं हे पाहिलं आणि बोलली नाही. बोललं की मुलं जे करतात ते बंद करतात, एवढं तिला कळत होतं.

जूनमध्ये शाळा सुटली. डोंगरावर रासबेरीचा हंगाम लागला, अर्धी पोरं तोडणीला गेली. तरी दुपारी काही जण येत. ओग्न्येन्का तोडणीवरूनच यायची, बोटं लाल.

"धुऊन ये," ग्वोझ्देन म्हणायचा.

"धुतलीत, मिस्त्री. जात नाही."

"मग कागदाला लावू नकोस. बोल, टोकाला जाडी किती?"

"बावीस."

"नजरेनं की हिशोबानं?"

"नजरेनं. हिशोबानं साडेअठरा येतात."

"मग?"

"मग हात मागे." ती कागदाकडे बघत राहायची. "थांबा, लांबी चुकीची घेतली."

ग्वोझ्देन तिच्याबरोबर तेच गणित करायचा. कधी ती आधी संपवायची. ते त्याला आवडायचं नाही, आणि त्यानं ते लपवलंही नाही. दुसऱ्या दिवशी तो लवकर यायचा.

ऑगस्टअखेर परीक्षेची सकाळ आली. इस्त्रीचा सदरा घालून ग्वोझ्देन फाटकाबाहेर पडला, तेव्हा स्तामेनानं त्याच्या मागे उंबऱ्यावरून भांडंभर पाणी ओतलं. काम पाण्यासारखं सरळ जावं म्हणून इथं परीक्षेला निघालेल्या पोरांच्या मागे असं ओततात.

"मी काय पोरगा आहे?" तो न वळता म्हणाला. वळायचं नसतं.

"आज आहेस. चल, बस निघेल."

केंद्रात पांढऱ्या भिंती होत्या. परीक्षक दोन पुरुष, एक बाई. चांगली माणसं होती, त्यांनी पाणी विचारलं. ड्रॉइंग समोर आलं. निमुळता जॉब, जाड टोक चाळीसचं, निमुळत्या भागाची लांबी तीस, सबंध कोन वीस अंशांचा. बारीक टोक किती ते काढा आणि जॉब कापा.

ग्वोझ्देननं ड्रॉइंगकडे बघितलं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, तीस. ती नजर होती. मग त्यानं हिशोबाला सुरुवात केली. कोनाचं अर्धं. इथं अर्धंच लागतं, कारण उतार दोन्ही बाजूंना वाटलेला असतो. दहा अंशांचा टॅन्जंट काढला, तिसानं गुणला, सव्वापाचच्या थोडं वर आलं. ते चाळीसमधून वजा केलं. चौतीस पूर्णांक एकाहत्तर. आकडा त्यानं मशीनमध्ये टाकला आणि हिरव्या बटणापर्यंत बोट नेलं.

कोपऱ्यातले तीस त्याच्याकडे बघत होते.

तीस आणि जवळजवळ पस्तीस. त्याची नजर इतकी चुकत नाही. आणि हिशोब तर त्यानं उन्हाळाभर केला होता. बोट बटणावर होतं. डोक्यात काचेचा आवाज, मागून आलेलं हसू, बॉयलरची खोली. घाई होत होती ती या सगळ्याची होती.

त्यानं हात मागे घेतला.

"काही अडचण?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"डोळ्याला पटत नाही."

"वेळ मोजला जातोय."

"मोजू द्या."

तो कागदावर पुन्हा पहिल्या ओळीपासून आला. कोन बरोबर. टॅन्जंट बरोबर. गुणाकार बरोबर. वजा केलं ते काय? सव्वापाच. सव्वापाच कशाचे? एका बाजूचे. आणि जॉबला बाजू किती असतात?

ग्वोझ्देनच्या ओठांवर हसू आलं. पोरांच्या कानाशी आयुष्यभर तो जे ओरडला, तेच कुणी उलटं करून त्याच्या कानात सांगत होतं. दुसरी बाजूही वजा करायची. सव्वापाच दोनदा. एकोणतीस पूर्णांक बेचाळीस. त्यानं कोपऱ्यातल्या तिसाकडे पाहिलं, आकडा बदलला आणि बटण दाबलं.

हत्यार उतारावरून लांब, सलग कीस काढत गेलं. आवाज एकसारखा होता. असा आवाज आला की बघावं लागत नाही. पण थांबण्यात वेळ गेला होता. टोकाची धारदार कड घासून मोडायची राहिली आणि घंटा झाली.

परीक्षकांनी माप घेतलं. माप बरोबर. एकानं कडेवरून अंगठा फिरवला आणि चटकन मागे घेतला. "कड मोडली असतीत तर शेरा चांगला आला असता."

"मोडायलाच हवी होती," ग्वोझ्देन म्हणाला. त्यात नम्रता नव्हती, त्याला खरंच ते टोचत होतं.

घरी स्तामेना फाटकातच उभी होती, शेजारी विदोसावा.

"किती?"

"दोन."

"पाचातले?"

"पाचातले."

"म्हणजे पास?"

"पास."

स्तामेनानं छातीवर क्रॉसची खूण केली. विदोसावानं जॉब हातात घेतला, इकडून तिकडून बघितला आणि टोकावर बोट ठेवलं. "कड का नाही मोडलीस?"

"वेळ संपला, कुमा."

"का संपला?"

त्यानं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग जॉब त्याच्या हातात देत म्हणाली, "तीन द्यायला हवे होते." तिच्या तोंडून इतकं निघणं म्हणजे मेडल होतं. टेबलावर घरच्या दारूची, रकियाची बाटली आली आणि ग्वोझ्देननं या खेपेला पूर्ण ग्लास भरला.

सप्टेंबरात टर्नरचा वर्ग उघडला. अंगणाअंगणांत लाल मिरच्या भाजल्या जात होत्या, वास वर्कशॉपच्या खिडकीतून आत येत होता. झोताची भीती असूनही खिडकी उघडी होती. ओग्न्येन्का आता तिसऱ्या वर्षाला होती, आठवड्यातले दोन दिवस कारखान्यात जायची. बाकीचे दिवस नव्या मशीनशी. मशीनच्या चौकटीवर तिच्या खडूचे आकडे असत, पुसलेले, पुन्हा लिहिलेले. तड्याची काच बदललेली नव्हती. रातोमीर म्हणाला बदलू, ग्वोझ्देन म्हणाला राहू द्या.

टोपणनाव काही बदललं नाही. नवी पोरं पहिल्याच आठवड्यात ते शिकली.

एक नवा पोरगा जुन्या लेथवर वाकला होता. पन्नासचा अठ्ठेचाळीस करायचा होता. त्यानं चाकाला हात घातला, आणि त्याच्या कानाशी नेहमीचा आवाज आला, "अर्धं!"

पोरगा दचकला. मान हलवून तो चाक फिरवायला लागला.

"थांब. कशाचं?"

"मिस्त्री?"

"कशाचं अर्धं? हात काढ. सांगितल्याशिवाय चाकाला हात नाही."

पोरगा लेथकडे, मग छताकडे, मग ओग्न्येन्काकडे बघायला लागला. तिनं तोंड फिरवलं. ती सांगणार नव्हती. ग्वोझ्देन हात मागे बांधून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. पलीकडे दोन लेथ चालू होते, एक बंद झाला.

"पन्नास आणि अठ्ठेचाळीसमध्ये..." पोरगा म्हणाला आणि थांबला. "जाडीत जेवढा फरक आहे, त्याचं."

"मग किती?"

"एक."

"फिरव."